तरंगावे कसे आणि बुडावे कसे? — पाणबुड्याच्या जाकिटाची निवड

शिवथरचा मुलगा समुद्राखालच्या साधनांवर लेख लिहितो आहे, हे पाहून काही वाचकांना हसू येईल. आमचे गाव वरंधा घाटाच्या पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी डोंगर. लोक आम्हाला ओळखतात ते समर्थांच्या घळीमुळे. आमच्याकडचे पाणी पावसाळ्यात धबधब्यांनी कोसळते, सावित्रीला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. त्या पाण्यामागून मीही गेल्या वर्षी समुद्रापर्यंत गेलो. मालवणला आमची आत्या असते. तिच्याकडे राहून मी स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची नळकांडी घेऊन बुडी मारण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. तेथे जे शिकलो त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, म्हणजे तरंगण्याच्या साधनाची निवड, येथे मांडतो.

प्रारंभ मात्र भोपळ्यापासून करायला हवा. आमच्याकडे पूर्वीपासून पोरे पोहायला शिकतात ती वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा पाठीला बांधून. मी आठ वर्षांचा असताना चुलतभावाने माझ्या पाठीला भोपळा बांधला आणि मला डोहात सोडले. दोरी सैल होती. भोपळा खांद्यांवरून घसरून कमरेखाली गेला. परिणाम असा झाला, की माझे ढुंगण वर आणि डोके पाण्यात! भोपळा तरंगत होता, मी मात्र बुडत होतो. आजोबांनी उडी टाकून बाहेर काढले आणि भावाला एवढेच म्हणाले, "भोपला बुडवत नाय रं, बांधनारा बुडवतो."

आजोबा शाळेत गेले नव्हते. परंतु या वाक्यात आपल्या विषयाचे अर्धे शास्त्र आहे. आर्किमिडीजचे तत्त्व आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे : वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. पण हे बल *किती* आहे एवढेच पाहून भागत नाही, ते शरीराच्या *कोणत्या भागाला* उचलते हेही पाहावे लागते. भोपळा छातीच्या मागे असला तर तोंड वर राहते, कमरेखाली गेला तर पाय वर येतात.

आता पाणबुड्याची अडचण पाहू. नदीत पोहणाऱ्याला फक्त तरंगायचे असते. पाणबुड्याला प्रथम तरंगायचे असते, मग बुडायचे असते, मग मध्येच अधांतरी राहायचे असते आणि शेवटी सावकाश वर यायचे असते. भोपळ्याचे आकारमान बदलत नाही, म्हणून तो या कामाचा नाही. हवा भरता व सोडता येईल अशी पिशवी हवी. झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा पाणबुडे अशा पिशवीवाचूनच उतरत. फ्रान्समधील मोरिस फेंझी यांचे फुगवता येणारे जाकीट १९६१ साली आले आणि त्यातून पुढे आजचे 'बॉयन्सी कॉम्पेन्सेटर', पाणबुड्यांच्या बोलीत 'बीसीडी', तयार झाले. अंगावरच्या या जाकिटातील पिशवीत नळकांड्यातली हवा बटण दाबून घेता येते आणि झडपेतून सोडता येते.

ही हवा खोलीप्रमाणे आकुंचन पावते. पृष्ठभागावर दाब १ वातावरण, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. म्हणून पृष्ठभागावरची ६ लिटर हवा १० मीटरवर ३ लिटर होते आणि २० मीटरवर २ लिटर. अंगातला रबरी पोशाखही दाबाने चेपतो. त्यामुळे माणूस जसजसा खाली जातो तसतसा अधिक वेगाने बुडू लागतो. आणि वर येताना हवा फुगत गेल्याने अधिक वेगाने वर फेकला जातो. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण वेगाने वर येताना श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून वर येताना जाकिटातील हवा सोडत यावे आणि श्वास कधीही रोखू नये, हा पहिला धडा.

निवडीचा पहिला प्रश्न : किती भार उचलणारे जाकीट घ्यावे? याचा हिशेब कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमतो. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या नळकांड्यात सुमारे २२०० लिटर हवा दाबून भरलेली असते. हवेलाही वजन असते. ही हवा अडीच किलोहून थोडी अधिक भरते. बुडीच्या अखेरीस ती संपत आलेली असते, म्हणून त्या वेळीही माणूस खाली राहावा इतके शिसे आधीच कमरेला लावावे लागते. म्हणजे सुरुवातीला तो तेवढा जड असणार. आपल्या ऊबदार समुद्रात ३ मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो. त्याचे प्लावक बल दोन किलोच्या आसपास धरू आणि ते चेपून पूर्ण नाहीसे झाले असे मानू. झाले साडेचार ते पाच किलो. पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर ठेवायला आणखी पाचेक किलो. एकूण दहा किलो. त्याहून थोडी अधिक शक्ती हाताशी असावी. पण वीस-पंचवीस किलोची प्रचंड पिशवी घेण्याने सुरक्षितता वाढत नाही, पाण्यात ओढ आणि हवेचा गोंधळ मात्र वाढतो.

दुसरा प्रश्न आकाराचा. एका प्रकारात हवा बरगड्यांभोवती व पाठीशी असते. तो पृष्ठभागावर माणसाला उभा धरतो, म्हणून नवख्याला धीर येतो. मात्र पूर्ण फुगल्यावर छाती आवळते. दुसऱ्यात सगळी हवा पाठीमागे, पंखासारखी. पाण्याखाली शरीर आडवे राहायला तो उत्तम. परंतु वर आल्यावर हवा जास्त भरली तर तोंड पुढे ढकलतो, तेव्हा किंचित मागे रेलावे लागते. दोन्ही चांगले, आपण कशाकरिता घेतो त्यावर निवड अवलंबून.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि येथे मी पुन्हा भोपळ्याचीच चूक केली. उथळ पाण्यातील सरावाला मी मुद्दाम एक माप मोठे जाकीट उचलले, "मोठे म्हणजे सुरक्षित" या समजुतीने. फुगवताच ते वर सरकून कानांपर्यंत आले आणि माझे शरीर खाली लोंबकळू लागले. पाणी छातीइतकेच होते म्हणून हसण्यावारी गेले. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहतो : पट्टे आवळल्यावर कोणी खांद्याला धरून उचलले तर जाकीट फारसे वर सरकू नये, पूर्ण फुगल्यावर दीर्घ श्वास घेता यावा, आणि हवा सोडण्याच्या सर्व झडपा डोळे मिटून सापडाव्यात.

चौथा प्रश्न शिशाचा. सगळा सरंजाम चढवून, जाकीट रिकामे करून, साधा श्वास घेऊन स्थिर राहावे. पाणी डोळ्यांच्या पातळीशी यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. नळकांडे भरलेले असताना ही परीक्षा घेतली, तर पुढे हलक्या होणाऱ्या नळकांड्यासाठी दोनेक किलो वाढवावे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. सरंजामासह नव्वद किलोचा माणूस समुद्रातून नदीत उतरला, तर त्याला दोन किलोच्या वर शिसे कमी करावे लागेल.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पाणबुड्याचे जाकीट हे जीवरक्षक जाकीट नव्हे. होडीत बसताना घालायचे चांगले जीवरक्षक जाकीट शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड वर ठेवावे अशा बेताने बनवतात. बीसीडी तशी हमी देत नाही. उलट जीवरक्षक जाकीट घालून बुडी मारता येत नाही. भोपळा शांत डोहात, जाणत्याच्या नजरेखाली शिकण्यापुरता. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

आपल्या तालुक्यात हा भेद केवळ पुस्तकी नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा नौदलाचे पाणबुडे आले होते. सर्व सामग्री असूनही गढूळ पाण्यात आणि त्या ओढीत शोध घेणे त्यांना अतिशय कठीण गेले. २२ जुलै २०२१ ला महाड शहरात पाणी शिरले, तेव्हाही आपण पाण्याचे बळ पाहिले. पुरात बीसीडी उपयोगी नाही, भोपळा तर नाहीच. तेथे जीवरक्षक जाकीट, दोर आणि वेळेवर उंच जागी जाणे, हेच खरे.

मालवणहून परतल्यावर धाकट्या भावाला मी डोहावर नेले. दोरी छातीशी आवळली, दोन बोटे जातील एवढीच जागा ठेवली आणि त्याला खांद्याला धरून उचलून पाहिले. भोपळा जागचा हलला नाही. आजोबा काठावर बसून हे सगळे पाहत होते. म्हणाले, "येवढं शिकाया मालवनला जावं लागलं व्हय?"

मी काही बोललो नाही. भावाला पाण्यात सोडले. त्याचे डोके वर होते.