माळ्यावरच्या कुबड्या

पाय मोडला की आपल्याकडे पहिली चौकशी होते, ती कोणाच्या घरी कुबड्या आहेत याची. भावकीतल्या कोणाच्या तरी माळ्यावरून जोडी उतरते आणि प्लास्टर वाळायच्या आत रुग्णाच्या काखेत जाते. मागून आणलेल्या कुबड्यांना माझी हरकत नाही. उंचापुऱ्या चुलत्याच्या कुबड्या ठेंगण्या काकूंनी तशाच वापरायला आहे.

माप असं बघा. पायात चप्पल घालून सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा आणि कुबडीचं टोक पावलापासून वीतभर पुढे व बाहेर टेकवा. गादी आणि काख यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मूठ मनगटाच्या पातळीवर हवी, म्हणजे ती धरल्यावर कोपर जरासा वाकतो. नट काढून दोन्ही मापं बदलता येतात, पाच मिनिटांचं काम आहे. चालताना गादी बरगड्यांशी दाबून धरा आणि सगळा भार तळहातांवर घ्या. काखेतून हाताच्या नसा जातात. गादीवर लटकत चालणाऱ्याच्या बोटांना आधी मुंग्या येतात, आणि तरी दुर्लक्ष केलं तर मनगट उचलेनासं होतं. गादीला फडकं गुंडाळलं की काख सोलवटत नाही, एवढंच. नस त्याने वाचत नाही. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला.

दवाखान्यात आपण सपाट, कोरड्या फरशीवर चालायला शिकतो. घरी ओटा असतो, उंबरठा असतो, सारवलेली जमीन असते, आणि सगळ्यात धोक्याची ती मोरी. ओल्या मोरीत कुबड्या न्यायच्याच नाहीत. दाराशी प्लास्टिकची भक्कम खुर्ची ठेवा, धरायला माणूस ठेवा आणि बसूनच आंघोळ करा. उंबरठ्यावर कुबडी टेकवू नका, पलीकडे टेकवा. पायरी चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना उलटं: कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली. भीमाशंकरच्या बाजूच्या पाड्यांवर पावसाळ्यात अंगणाचा चिखल रबराला बसतो आणि आत येताच कुबडी सटकते. दारात कोरडं पोतं टाका आणि टोकं त्यावर पुसूनच आत या. गोठा आणि शेताचा बांध प्लास्टर निघेपर्यंत दुसऱ्यांवर सोपवा. कांदा काढणीला आला की हा सल्ला कोणी ऐकत नाही, तरी देतो.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. जुन्नर-आंबेगावात उसात बिबटे आहेत. कुबड्या घेतलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. बॅटरीही धरता येत नाही आणि पळता तर येतच नाही. अंधारात एकट्याने बाहेर बसायला जाऊ नका. कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा. त्यात लाज कसली?

एसटीची पहिली पायरी उंच असते. कुबड्या सोबत्याकडे द्या, दांडा धरा आणि चांगला पाय वर टाका. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही बसेपर्यंत घंटी वाजणार नाही. जागा दाराजवळची मागा. पाणी, मोबाईल, औषधं गळ्यातल्या झोळीत ठेवा, हातात काही नको.

‘चतुर्थीला गेलो तर चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. ओझरला जा, देऊळ सपाटीवर आहे. गर्दीची वेळ मात्र टाळा. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड. डोली मिळते, पण मी म्हणेन, पाय बरा झाल्यावरच जा.

पाय किती टेकवायचा हे हाडाच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. दुखत नाही म्हणून स्वतःच ते वाढवू नका. प्लास्टरच्या आत ठणका वाढत चालला, बोटं काळीनिळी, गार किंवा बधिर पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108 ला फोन करा. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते.