ट्रॅक्टरचा क्रँकशाफ्ट आणि इंजिनातील ठोका

रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते, ओल उडायच्या आत रान उरकायचे असते आणि नेमका त्याच वेळी इंजिनातून ठक्-ठक् आवाज येऊ लागतो. माझ्या ओळखीच्या एका बागायतदारांनी ऑइलचा लाल दिवा लागलेला असतानाही ट्रॅक्टर तसाच चालविला. दोन एकर झाले आणि इंजिन जाम झाले. उरलेली पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने, तीही कोरड्या रानात झाली. मी कृषिविद्येचा शिक्षक, यंत्रे हा माझा विषय नव्हे. पण पेरणीची वेळ यंत्रामुळे चुकते म्हणून हे लिहीत आहे.

पिस्टन खालीवर होतो, चाक मात्र गोल फिरते. हा बदल क्रँकशाफ्ट घडवितो. सायकलचे पेडल आठवा. आपला पाय म्हणजे पिस्टन, नडगी म्हणजे कनेक्टिंग रॉड. चार स्ट्रोकच्या इंजिनात शाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरकडून एकदाच जोर मिळतो. एरवी फ्लायव्हीलचे वजन त्याला फिरते ठेवते. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालले, तर शाफ्टला मिनिटाला ३००० दणके बसतात.

एवढे सोसूनही तो लवकर झिजत नाही, कारण चालू इंजिनात तो बेअरिंगला टेकतच नाही. पंपाने दाबाखाली पाठविलेल्या ऑइलच्या, केसाहूनही पातळ अशा थरावर तो तरंगतो. दाब घटला किंवा ऑइलात कचरा साचला की धातूवर धातू घासतो. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइल वाचले असे समजू नये. त्यात डिझेल अगर पाणी मिसळले असण्याचा संभव असतो. पाणी मिसळलेले ऑइल ताकासारखे पांढुरके दिसते.

आवाजावरूनही अंदाज येतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका कडक असतो. मिस्त्री एकेका सिलिंडरचे डिझेल बंद करून पाहतात, आणि ज्याचे बंद केल्यावर ठोका कमी होतो तेथे दोष असतो. मेन बेअरिंगचा आवाज जड, घुमणारा असतो व ओझे पडल्यावर वाढतो. क्लच दाबताच पुढची पुली पुढे सरकत असेल, तर थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. क्लचवर सतत पाय ठेवून चालविण्याची सवय याला बरीचशी जबाबदार असते. मागचे ऑइल सील गेले की ऑइल क्लचपर्यंत पोहोचून तो घसरू लागतो.

शाफ्टवर ओरखडे पडले असल्यास तो ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. कमी मापाची बेअरिंग बसवितात. नुसती नवी बेअरिंग घालून काम भागविणे म्हणजे पैसे पाण्यात. ग्राइंडिंगनंतर शाफ्टमधील ऑइलची छिद्रे आपल्यासमोर धुऊन घ्यावीत; त्यांत राहिलेला कीस नवी बेअरिंग लगेच खातो.

इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. काम चालू असताना तो लागला, तर हातातले तास पुरे होण्याचीही वाट न पाहता इंजिन बंद करावे.