नाक सरळ करणं म्हणजे हौस नव्हे

आमच्या सांडोर गावच्या मैदानावर फुटबॉल खेळताना माझ्या मुलाच्या नाकावर कोपर बसलं. त्यानंतर जे शिकले, ते सांगते.

१. पहिल्याच दिवशी नाक आतून तपासून घ्या. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळलं असेल तर ते लगेच काढावं लागतं. नाहीतर कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचतं. आमच्याकडे कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा 'उद्या बघू' म्हणायला कारणच नाही. नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल तर ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. अशा वेळी क्षणभरही थांबू नका.

२. चार-पाच दिवसांत सूज उतरते आणि वाकडेपणा नीट दिसतो. साधारण दोन आठवड्यांच्या आत हाड न कापता जागेवर बसवता येतं. लहान मुलांचं हाड लवकर जुळतं, त्यांना याहून कमी वेळ मिळतो.

३. ही मुदत टळली, तर मात्र घाई नको. तीन ते सहा महिने जाऊ द्यावे लागतात. मग डॉक्टरांना नेमकं विचारा: वाकडं काय आहे, हाड की पडदा? श्वासच कोंडत असेल तर पडदा सरळ करणारी सेप्टोप्लास्टी पुरते, पण तिने बाहेरचं नाक सहसा बदलत नाही. हाड सरकलं असेल तर ते ठरवून कापून पुन्हा बसवतात, ती ऱ्हायनोप्लास्टी. मार लागलेल्या नाकात बहुधा दोन्ही एकत्र करावं लागतं, कारण आतला पडदा वाकडाच राहिला तर वरचं नाक पुन्हा त्या बाजूला ओढलं जातं. आधाराला कूर्चा कमी पडली तर कानाची किंवा बरगडीची घेतात. शेवटची सूज उतरायला वर्ष लागतं.

४. "मुलग्याला कशाला हवंय सुंदर नाक?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना कावसजीची गोष्ट सांगा. इंग्रजांच्या फौजेतला हा मराठी गाडीवान. टिपूच्या सैनिकांनी त्याचं नाक कापलं आणि पुण्याकडच्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. 1794 साली लंडनच्या मासिकात ती हकिकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये तिथे तशीच शस्त्रक्रिया केली.

५. विमा कंपन्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात, अपघातानंतरची दुरुस्ती नाही. पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि दुखापतीआधीचे समोरून, बाजूने काढलेले फोटो जपून ठेवा. सर्जनलाही तेच फोटो लागतात.