काटा आपला, आतला माल कुणाचा?

माजलगाव, गेवराईकडच्या जिनिंगवर कापसाची गाडी आली की आधी भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस उतरला की रिकामी. दोन्हींतल्या फरकातून घटीपोटी कट्टी वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. हे सगळं करणारं सॉफ्टवेअर आम्ही बीडमध्ये बसून बनवतो. टांझानियातल्या एका कंपनीला ते पसंत पडलं. तिकडच्या जिनिंगना त्यांनी विकायचं, येईल ते उत्पन्न वाटून घ्यायचं, असं ठरत आलं.

कराराचा मसुदा आला. त्यात एक कलम होतं: सॉफ्टवेअरच्या प्रत्येक भागावर आमचा हक्क आहे किंवा तो पुढे देण्याची परवानगी आमच्याकडे आहे, तसं नसल्यास होणारं सगळं नुकसान आम्ही भरून द्यायचं. माझा भागीदार म्हणाला, "दादा, हे सगळ्याच करारांत असतं, टाका सही." वकीलसाहेबांनी मात्र मसुदा बाजूला ठेवला. "आधी आत काय काय दुसऱ्याचं आहे, त्याची यादी काढा."

काट्याच्या इंडिकेटरवरचा आकडा केबलवाटे कॉम्प्युटरमध्ये उचलणारा छोटा प्रोग्राम पुण्यातल्या एका पोराने लिहून दिलेला. पैसे चुकते, पावती फाईलला. आता कायदा बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला प्रोग्राम सहसा मालकाचा होतो. बाहेरच्याने लिहून दिलेला मात्र लिहिणाऱ्याचाच राहतो, जोवर तो सही करून लेखी हक्क देत नाही. आणि तसा कागद असला तरी कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ मुळे हेच परवान्यालाही लागू. म्हणजे कागदात देशाचं नाव नसेल, तर परदेशी भागीदाराला द्यायला आपल्याकडे काहीच नाही! जमीन घेताना सातबारा, फेरफार पाहिल्याशिवाय इसार न देणारी आम्ही माणसं, पण सॉफ्टवेअरचा सातबारा कुणी काढत नाही.

पट्टीची पीडीएफ करायला आयटेक्स्ट वापरलेलं. इंटरनेटवरून उतरवता येतं, म्हणून पोरांनी घेतलं. त्याच्या २००९ नंतरच्या आवृत्त्या एजीपीएल परवान्याखाली आहेत: सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं की त्याला आपला सगळा सोर्स कोडही त्याच परवान्याने द्यायचा, नाहीतर त्यांच्याकडून व्यापारी परवाना विकत घ्यायचा. त्यांची अट चोख आहे, वाचायची तेवढी आपण. परवान्याची अट मोडली तर कोर्टात खेचलं जाण्याचा धाक नुसता कागदोपत्री नसतो. कोरियाच्या हॅनकॉम कंपनीने आपल्या ऑफिस पॅकेजमध्ये आपलं घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर परवान्याची अट न पाळता घातलं, असा आरोप ठेवून आर्टिफेक्स कंपनीने २०१६ मध्ये तिला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात खेचलं. खटला सुरुवातीलाच काढून टाकावा ही हॅनकॉमची मागणी २०१७ मध्ये फेटाळली गेली. पुढे तडजोड झाली.

आम्ही एकेक भाग निस्तरायला घेतला. पुण्याच्या त्या पोराने नव्या कागदावर आनंदाने सही केली. त्यात 'संपूर्ण जग' आणि 'कॉपीराइटची पूर्ण मुदत' हे शब्द घालून घेतले. पीडीएफचा भाग बदलला. पट्टीवरचा कुठल्यातरी सीडीतून आलेला मराठी फाँट काढून 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' घातला. तो सिल ओपन फाँट लायसन्सखाली आहे. सॉफ्टवेअरसोबत देशाबाहेर द्यायला आडकाठी नाही, नुसता सुटा विकायचा नाही.

अडलं ते रिपोर्ट काढणाऱ्या पॅकेजपाशी. विकणाऱ्याने फोनवर "कुठंही वापरा बिनधास्त" म्हटलं होतं. परवान्याच्या कागदात मात्र फक्त भारत, आणि आम्हाला तो पुढे कुणाला देता येणार नाही, असं स्वच्छ छापलेलं. लेखी परवानगी मागितली, तर आज देतो, उद्या देतो. तेवढ्यात तिकडचा खरेदी हंगाम सुरू झाला आणि टांझानियातल्या कंपनीने त्या वर्षापुरती दुसरी सोय केली. त्यांना दोष कसा द्यायचा?

बीडहून, लातूरहून, कुठूनही बाहेर माल पाठवणाऱ्यांनी विक्रेत्याला ईमेलवर, नाव घालून विचारावं: तुमचा भाग आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून अमुक देशातल्या अमुक भागीदाराला देता येतो का, आणि तो त्याच्या ग्राहकाला देऊ शकतो का? आमची कंपनी विकली गेली, तर परवाना चालू राहतो का? "हो" एवढं उत्तर पुरत नाही. परवान्यातलं कलम दाखवायला सांगा. फुकट मिळालेल्या भागांचीही आवृत्तीसकट नोंद ठेवा, कारण आवृत्ती बदलली की अटही बदलते.

आणि भरपाईचं ते कलम आहे तसं घेऊ नका. नुकसानीला कमाल रक्कम लावून मागा, वर्षभराच्या उत्पन्नाएवढी म्हणा, आणि जोडीला भागांची यादी परिशिष्ट म्हणून लावा. आमच्या टांझानियावाल्यांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. यादीवर त्यांच्या वकिलाने एकच शेरा मारला: काट्याच्या इंडिकेटरमधलं सॉफ्टवेअर कुणाचं?