टी-पेशींचा ब्रेक

सायकलला ब्रेक नसेल तर उतारावर काय होईल? आपल्या रक्तातील टी-पेशींनाही असाच ब्रेक लागतो.

टी-पेशी ही एक पांढरी पेशी. विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखून ती त्यांना मारते. हा मारा वेळीच थांबला नाही, तर निरोगी पेशीही बळी पडतील. म्हणून कामाला लागलेल्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर ‘पीडी-१’ हे ग्राही प्रथिन येते. समोरच्या पेशीवरील ‘पीडी-एल१’ हे प्रथिन त्याला जोडले गेले, की टी-पेशीचा जोर ओसरतो.

जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१चा शोध लागला. पुढे पीडी-१ नसलेल्या उंदरांच्या शरीराने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला चढवल्याचे दिसले. ब्रेकचा उलगडा झाला!

कित्येक कर्कपेशी पीडी-एल१ धारण करून हाच ब्रेक दाबतात. पीडी-१ला झाकणारे प्रतिपिंड टोचले, की तो सुटतो आणि टी-पेशी पुन्हा कर्कपेशींवर तुटून पडतात. या कार्याबद्दल होंजो यांना २०१८ साली जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधाने काही रुग्णांचे प्राण वाचतात. पण काहींची आतडी किंवा फुफ्फुसे सुजतात. असे का होते? उंदरांचा प्रयोग आठवा आणि उत्तर तुम्हीच सांगा.