रेषा मारण्याआधी ए-फ्रेम तपासा

आमच्या कोरेगाव तालुक्यात २०१६ साली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा झाली आणि ए-फ्रेम, हायड्रोमार्कर हे शब्द घरोघरी पोचले. तेव्हापासून मी भावकीच्या, पाहुण्यांच्या रानात समपातळी रेषा मारून देतो. फुटलेले बांधही पुष्कळ पाहिले. माती कमी पडली म्हणून फुटलेले थोडे, रेषा कलली म्हणून फुटलेले जास्त. आमच्या चुलत्यांच्या माळावर जेसीबीवाल्यानं नजरेच्या अंदाजानं बांध ओढला. मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला धावलं, बांध फुटला आणि खालच्या पट्टीत गुडघाभर घळ पडली. वरची सुपीक माती ओढ्यानं गेली, ती काही परत येत नाही.

ए-फ्रेमला खर्च नाही. सारख्या उंचीचे दोन बांबू, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला बांधलेला दगड, झाला ओळंबा. पण ती बांधली की लोक लगेच रानात पळतात, आणि खरी गफलत तिथंच होते. आधी दोन दगड रोवा, त्यांवर फ्रेमचे पाय ठेवा आणि दोरी काठीला टेकते तिथं खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, परत खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध तिसरी खूण करा, तीच पातळीची. हे करायला दहा मिनिटं पुरतात. ते टाळलं आणि दोन मीटरच्या पावलाला अर्धा सेंटिमीटर जरी चुकला, तरी शंभर मीटरवर पंचवीस सेंटिमीटरचा फरक पडतो. एवढ्या फरकावर कुठलाच समपातळी बांध टिकत नाही.

वारा सुटला की ओळंबा डुलतो, म्हणून काम सकाळी लवकर करा आणि दगड जड बांधा. नांगरलेल्या रानात पाय रुततात, तिथं खाली फरशीचा तुकडा घ्या.

लांब रानाला पाण्याची नळी, म्हणजेच हायड्रोमार्कर, बरी. मात्र नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप खोटं येतं. दोन्ही टोकं शेजारी धरून पाहा. पाणी सारखं उभं राहिलं तरच कामाला लागा, आणि जागा बदलताना दोन्ही टोकांवर अंगठा दाबून धरा.

पहिली रेषा माथ्याकडून घ्या. खुंट्या रोवून झाल्या की लांब उभं राहून बघा. एखादी खुंटी ढेकळामुळं किंवा खड्ड्यामुळं बाजूला पडली असेल तर ती रांगेत घ्या. पण ओघळीपाशी रेषा वर वळते, ती तशीच राहू द्या. दिसायला सरळ हवी म्हणून तिथं खुंट्या खाली ओढल्या, की नेमका तिथंच बांध खचतो.

मी सांगतोय ते मुरमाड, हलक्या रानासाठी. भारी काळ्या रानात पाणी तुंबतं, जमिनीला भेगा पडतात, म्हणून तिथं ढाळीचे बांध लागतात. दहा मीटरला दोनेक सेंटिमीटर ढाळ ठेवून जादा पाणी सुरक्षित जागी काढावं लागतं. याबाबत गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला आधी विचारा.

मे महिन्यात रान मोकळं असतं, तेव्हाच खुंट्या रोवून फक्की मारून ठेवा. यंत्र त्यानंतरच बोलवा.