घड्याळ घेण्यापूर्वी

आपल्या आजोबांच्या पिढीला घड्याळाची निवड फारशी अवघड नव्हती. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला मनगटी घड्याळे बनविण्यास सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे पहिल्या पगाराचे घड्याळ म्हणजे एचएमटी, असे समीकरणच होऊन बसले. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज यांत्रिक घड्याळ घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मधल्या किमतीतील अनेक नावे येतात. त्यांपैकी सैको ५ स्पोर्ट्‌स आणि ओरिएंट कामासू ही दोन येथे तुलनेसाठी घेतली आहेत. दोन्ही जपानी, दोन्ही सध्याच्या रूपात २०१९ साली बाजारात आलेली. दोन्हींना वीस हजारांहून अधिक रुपये पडतात. ही रक्कम म्हणजे खानावळीचे कित्येक महिन्यांचे बिल. तेव्हा नावावर भाळून चालणार नाही.

१. यंत्र : दोन्ही घड्याळे हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेतात; शिवाय हातानेही चावी देता येते. दोन्हींचे ठोके तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. पूर्ण चावी दिल्यावर ती सुमारे ४० तास चालतात. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारपर्यंत बंद पडेल. सोमवारी ते पुन्हा लावावे लागेल. यात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

२. अचूकता : येथे मात्र फरक आहे. सैकोची कंपनी दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे इतकी मुभा घेते. ओरिएंट २५ पुढे ते १५ मागे. म्हणजे एकीचा पल्ला ८० सेकंदांचा, दुसरीचा ४० चा. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ४५ सेकंदांची चूक शेकडा ०.०५ च्या आसपास भरते! परंतु ही कमाल मर्यादा झाली; हाती आलेले घड्याळ बहुधा याहून बरे चालते.

खरे महत्त्व आहे ते सातत्याला. रोज नेमके १२ सेकंद पुढे जाणारे घड्याळ कुशल कारागीर सहज जुळवून देतो. आज २० पुढे, उद्या १० मागे जाणाऱ्याला मात्र तो काय करणार? संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको, की नुसती सरासरी फसवी असते, विचलनही पाहावे लागते. म्हणून घड्याळ घेतल्यावर आठवडाभर रोज ठराविक वेळी मोबाईलच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहावा.

३. काच : सैको ५ च्या नेहमीच्या नमुन्यांना हार्डलेक्स ही कडक केलेली खनिज काच असते, तर कामासूला कृत्रिम नीलमण्याची. मोह्‌सच्या श्रेणीत नीलमण्याची कठीणता ९, धुळीतील गारेच्या कणांची ७, आणि साध्या काचेची त्याहून कमी. म्हणून बसच्या दांडीला, बाकाला घासून काचेवर ओरखडे उठतात, नीलमण्यावर सहसा नाही. मात्र जोराचा आघात झाल्यास नीलमणी तडकू शकतो.

४. पाणी : सैको १०० मीटर, कामासू २०० मीटर, शिवाय कामासूची चावी फिरवून घट्ट बसते. बेळगावच्या पावसाला दोन्ही पुरेशी आहेत. नियमित पोहणाऱ्याने कामासूकडे वळावे.

५. देखभाल : यांत्रिक घड्याळातील तेल काही वर्षांनी सुकते, ते उघडून साफ करावेच लागते. हे काम आपल्या गावात कोण करतो, सुटे भाग मिळतात का, हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आहे का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे.

कागदावर तरी कामासूचे पारडे जड दिसते. मात्र सैकोत रंग व नमुने भरपूर, आणि मागील काचेतून चालते यंत्र पाहता येते. ज्याला हा आनंद हवा, त्याने सैको घेतल्यास तो चुकला असे म्हणता येणार नाही. केवळ अचूक वेळच हवी असेल, तर याहून पुष्कळ स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याला साधारण १५-२० सेकंदच चुकते. आपल्याला वेळ हवी आहे की यंत्र, हे आधी ठरवावे. मग दुकानाची पायरी चढावी.